ट्वेंटी-नाईन मोबाईलवर बॉटांसोबत कसं खेळायचं: बोली, बंद हुकूम आणि समोर बसलेला तो भिडू

कामानिमित्त दोन वर्षं बंगालमध्ये होतो, आणि हावडा-बर्धमान लोकलमध्ये ऑफिसवाल्यांचे पत्त्यांचे ग्रुप बघून बघून हा खेळ शिकलो. गुडघ्यावर पेपर पसरायचा, चौघांनी तोंडाला तोंड करून बसायचं, आणि उतरायचं स्टेशन आलं तरी हातातला डाव सोडायचा नाही. आपल्याकडे लोकलमध्ये असतात तसेच ग्रुप, फक्त तिकडे ट्वेंटी-नाईन. नाशिकला परत आलो तर हा खेळ येणारे चौघं काही जमेनात, म्हणून मोबाईलवर ॲप टाकलं आणि तीन बॉटांसोबत, म्हणजे ॲपच चालवतं त्या खेळाडूंसोबत, खेळायला लागलो. सुरुवातीला सहा महिने नुसता हरलो. खेळ येत होता, पण बॉटांसोबत तो कसा खेळायचा हे येत नव्हतं, ती वेगळीच गोष्ट आहे. तेच इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मेंढीकोट बंद हुकमाने खेळलाय त्यांची अर्धी तयारी झालेलीच आहे, कारण इथेही हुकूम झाकलेला असतो आणि कुणाकडे रंग संपला की उघडायला सांगतात. फरक दोन. एक म्हणजे हुकूम कोण ठरवणार यासाठी बोली लागते, आणि दुसरं म्हणजे पानांची किंमत पार उलटीपालटी आहे.

आधी पानं डोक्यात बसवा

बत्तीस पानं, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. सगळ्यात मोठा गुलाम, मग नव्वी, मग एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. हो, राजा दश्शीच्या खाली! पहिले दहा-बारा डाव हात सवयीने राजाकडे जातो आणि नव्वी येऊन त्याला खाते. गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्का आणि दश्शी प्रत्येकी १, बाकी सगळं शून्य. म्हणजे एका रंगात ७, चार रंगांचे २८. मग नाव ट्वेंटी-नाईन का, तर शेवटचा हात जिंकणाऱ्याला पूर्वी एक गुण जास्तीचा मिळायचा. आता बरेच जण तो धरत नाहीत पण नाव तेच राहिलं. गुलाम आणि नव्वी वर असण्याची ही पद्धत युरोपातल्या पत्त्यांच्या खेळांतही आहे, डच लोकांच्या क्लाव्हरयासमध्ये हुकमाच्या रंगात अगदी हेच दोघं सगळ्यात वर असतात. केरळचा ट्वेंटी-एट तर आपल्या या खेळाचा सख्खा भाऊच.

आता यातली कामाची गोष्ट. चार गुलाम आणि चार नव्व्या मिळून होतात २० गुण. २८ पैकी २० फक्त आठ पानांत! म्हणून बत्तीस पानं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, ही आठ कुठे गेली एवढंच बघा.

पहिला डाव टाकायच्या आधी सेटिंग्ज उघडा

हे कुणी करत नाही आणि मग ॲपला शिव्या घालतात, मीही घातल्या. प्रत्येक ॲपचे नियम थोडे थोडे वेगळे असतात. बघायचं काय, तर किमान बोली १५ आहे की १६, शेवटच्या हाताचा गुण धरतात का, जोडी चालू आहे का, डबल-रीडबल आहे का (या दोन्हींचा अर्थ पुढे सांगतो), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हुकूम उघडायला सांगितलात तर त्याच हातात हुकूम मारायची सक्ती आहे का. बऱ्याच ठिकाणी असते. खेळ उजवीकडून फिरतो, म्हणजे तुमच्यानंतर उजव्या बाजूचा बॉट खेळतो, हेही एकदा डोळ्याखालून घाला कारण आपल्याला डावीकडून फिरायची सवय असते.

ॲनिमेशनचा स्पीड मध्यम ठेवा. फास्ट ठेवलात तर तीन पानं फटाफट पडतात आणि कुणी काय टाकलं ते दिसतच नाही. हिंटचं बटण बंद. आणि ऑफलाईन चालणारं ॲप असेल तर एरोप्लेन मोड टाकून खेळा, माझ्या ॲपमध्ये प्रत्येक डावानंतर तीस सेकंदांची जाहिरात येते आणि तेवढ्यात मागचा डाव डोक्यातून जातो. कॉईन विकत घ्या वगैरे सांगतात तिकडे लक्षच देऊ नका, बॉटांशी खेळायला पैसे कशाला लागतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ हा वेगळाच विषय आहे, २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदाच केलाय, आपण त्यात नाही.

बोली: चार पानांवर संसार मांडायचा

आधी चारच पानं मिळतात. त्यावरच बोली लावायची, १६ पासून वर २८ पर्यंत. ज्याची बोली जास्त तो हुकूम ठरवून झाकून ठेवतो, मग उरलेली चार पानं वाटली जातात. तुम्ही आणि समोर बसलेला बॉट, म्हणजे तुमचा भिडू, एक पार्टी, डावा-उजवा दुसरी. पुढे "समोरचे" म्हटलं की ती ही दुसरी पार्टी. बोलीएवढे गुण तुमच्या पार्टीने केले तर एक पॉइंट वर, नाही केले तर एक खाली. सहा वर गेलात की गेम जिंकला, सहा खाली गेलात की हरला. खरे पत्ते असले तर लाल आणि काळी छक्की वापरून हा हिशोब ठेवतात, छक्कीवरचे जेवढे ठिपके उघडे तेवढे पॉइंट, फार गोड पद्धत आहे ती, ॲपमध्ये नुसता आकडा दिसतो.

बोली लावताना उलटा विचार करायची सवय लावून घ्या. १८ ची बोली म्हणजे समोरच्यांना ११ गुण मिळाले की तुम्ही बुडालात. १६ ला १३, आणि २० ला फक्त ९! नऊ म्हणजे किती, दोन गुलाम आणि एखाद-दुसरी नव्वी-दश्शी त्यांच्या हातात पडली की झालं. २० म्हणायला तोंडाला सोपं वाटतं पण असा आकडा मांडला की हात आखडतो, आणि तो आखडलाच पाहिजे.

आता थोडं गणित, घाबरू नका. चार पानं तुमच्या हातात, म्हणजे २८ पानं तुम्हाला माहीत नाहीत. त्यातली ४ तुम्हाला येणार, ८ भिडूला, १६ समोरच्या दोघांना. म्हणजे तुमच्याकडे नसलेला एखादा गुलाम समोरच्यांकडे असायची शक्यता २८ पैकी १६, साधारण ५७ टक्के. "येईल ना नंतर" म्हणून गुलाम नसताना नव्वी-एक्का-दश्शीवर हुकूम करणारे याच ५७ टक्क्यांत मरतात. उलट एका रंगाची तीन पानं हातात असतील तर पुढच्या चार पानांत त्याच रंगाचं किमान एक तरी यायची शक्यता, गंमत म्हणजे, तीही जवळपास ५७ टक्केच निघते. पण ही आपल्या बाजूची.

माझा ठोकताळा असा. एकाच रंगाचा गुलाम, नव्वी आणि तिसरं कुठलंही पान असेल तर १८ पर्यंत निर्धास्त जायचं, सोबत दुसऱ्या रंगाचा गुलाम असेल तर २०. नुसता गुलाम आणि दोन फालतू पानं, १६-१७. दोन गुलाम वेगवेगळ्या रंगाचे आणि बाकी भाजीपाला, तर १६ च्या वर एक पाऊल नाही. गुलामच नाही तर पास, कितीही हात शिवशिवला तरी.

आणि हुकूम ठरवताना नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते, एकटा गुलाम दिसला की त्यालाच हुकूम करतात. अहो, गुलाम तसाही त्याच्या रंगात सगळ्यात मोठा आहे, त्याला हुकमाचा टेकू कशाला! हुकूम करायचा तो जिथे पानांची संख्या जास्त आहे तिथे.

बॉट बोलीत कसे वागतात? माझ्या अनुभवात ते फक्त स्वतःच्या हातातल्या गुणांकडे बघून बोली लावतात, फेकाफेक नाही, हूल नाही. उजवीकडचा बॉट १९ पर्यंत आला म्हणजे त्याच्याकडे खरंच माल आहे. माणूस असता तर तुम्हाला वर चढवून सोडून द्यायला आला असता, बॉटला तेवढा पोच नसतो. म्हणून त्याला उगाच २० म्हणून डिवचायचं नाही, खेळू दे त्यालाच, आपण ११-१२ गुण गोळा करून पाडायचं. एक काम करा, पहिले वीस डाव वही घेऊन बसा आणि नुसतं लिहा, कुठल्या बॉटने किती बोली लावली आणि शेवटी त्याच्याकडे काय निघालं. तुमच्या ॲपचे बॉट घाबरट आहेत का उधळे हे वीस डावांत कळतं.

बंद हुकूम, आणि उघडायची घाई

रंग असेल तर रंगच द्यायचा. नसेल तर दोन रस्ते, कुठलंही पान टाकून द्या, नाहीतर हुकूम उघडायला सांगा. जोपर्यंत हुकूम उघडत नाही तोपर्यंत तो रंग म्हणजे साधा रंग, त्याने हात मारता येत नाही. बंगालमध्ये हुकमालाच रंग म्हणतात, आणि कुणी "रॉंग दॅखाओ" म्हटलं की मला वाटायचं आपण चुकीचं पान टाकलं, पहिला आठवडा यातच गेला.

तर सगळा खेळ इथे आहे. बॉटकडे रंग संपला रे संपला की तो हुकूम उघडायला लावतो, हातात काय गुण आहेत, कोण जिंकतंय, काही बघत नाही. निदान मी खेळलो त्या ॲप्समध्ये तरी असंच. माणसाने तसं करू नये.

बोली समोरच्यांची असेल तर हुकूम जितका उशिरा उघडेल तितकं तुमच्या फायद्याचं, कारण तोवर तुमचे गुलाम सुरक्षित आहेत. तुमची उतारी आली की आधी गुलाम वसूल करा. बॉट लोक गुलाम साठवून ठेवतात किंवा पहिल्याच फटक्यात फेकतात, मधलं काही नाही. तुम्ही मात्र पहिल्या तीन हातांतच सगळे बाहेर काढा. उघडायला सांगायचं ते फक्त तेव्हा, जेव्हा त्या हातात तीन किंवा जास्त गुण समोरच्यांकडे चाललेत. त्यातही हुकूम निघाला आणि तुमच्याकडे त्या रंगाचं पानच नाही असं झालं तर त्यांचं दार फुकट उघडून दिल्यासारखं होतं, पुढचे सगळे हात ते हुकमाने मारत सुटतात.

हुकूम कुठला असेल याचा अंदाजही येतो. बोली घेतलेला बॉट हुकूम झाकलेला असताना त्याच रंगाची उतारी सहसा करत नाही. त्याने इस्पिक खेळलं, किलवर खेळलं, मग चौकट किंवा बदाम. तुमच्या हातात बदामाची चार पानं असतील तर मग चौकट.

बोली तुमची असेल तर हिशोब उलटा. तुमच्याकडे हुकमाची चार पानं आहेत तर हुकूम उघडलेला बरा, पण कुठल्या हातावर उघडायचा ते तुम्ही ठरवा. भिडू हात जिंकतोय आणि तुमच्याकडे रंग नाही, तर उघडू नका, गप्प एक पान टाका. हा एकच नियम पाळायला लागल्यावर माझे डाव बसायला लागले.

भिडूचं काय करायचं

खरी डोकेदुखी हीच. समोरचे दोन बॉट जितके बिनडोक तितकाच तुमचाही भिडू बिनडोक, आणि त्याला डोळा मारता येत नाही. खऱ्या टेबलावर भिडूने किलवरची सत्ती टाकली की त्याला काहीतरी सांगायचं असतं. बॉटने टाकली तर ती फक्त सत्ती असते, त्यात अर्थ शोधू नका. तसंच तुम्ही कितीही सूचक पान टाका, त्याला काही उमगणार नाही. म्हणून भिडूला माणूस न समजता आठ पानांचा एक ढीग समजा जो कधीही काहीही टाकू शकतो, आणि बोली लावताना त्याच्या खात्यावर एका गुलामापेक्षा जास्त उधारी धरू नका.

एक गोष्ट मात्र बॉट भिडू नीट करतो. हात आपलाच आहे हे पक्कं असलं की तो त्यात दश्शी-एक्का टाकतो. म्हणून तुमचा गुलाम खेळायचा तर भिडू तुमच्यानंतर यायला पाहिजे, म्हणजे उतारी तुमची किंवा डाव्याची असताना.

जोडीचं थोडक्यात सांगतो. हुकमाचा राजा-राणी एकाच हातात असतील, हुकूम उघडून झालाय आणि त्यानंतर तुमच्या पार्टीने एक हात घेतलाय, तर जोडी दाखवता येते. बोली तुमची असेल तर ती चारने उतरते, त्यांची असेल तर चारने चढते. बहुतेक ठिकाणी १६ च्या खाली किंवा २८ च्या वर जात नाही. ॲपमध्ये त्याचं बटण दोन सेकंद चमकतं आणि जातं, मी दोनदा हुकवलंय. डबल म्हणजे त्यांची बोली बुडणार यावर पैज, एकाचे दोन पॉइंट, रीडबल झालं तर चार. दोन गुलाम आणि एक नव्वी हातात असताना समोरच्यांची १९-२० ची बोली असेल तर बिनधास्त डबल करा. सिंगल हँड म्हणजे एकट्याने आठही हात घ्यायचे, त्याच्या नादी लागू नका.

एक डाव, पानापानाने

परवाचाच आहे. पत्ते वाटणारा मी, म्हणजे पहिली उतारी उजव्या बॉटची. माझी पहिली चार पानं: बदामाचा गुलाम, नव्वी, सत्ती आणि इस्पिकचा एक्का. उजव्याने १७ पर्यंत ओढलं, मी १८ म्हटलं, सगळे पास. हुकूम बदाम. पुढची चार आली ती बदामाची राणी, किलवरचा गुलाम, चौकटची अठ्ठी-सत्ती. म्हणजे चार हुकूम झाले, छान.

पहिला हात: उजव्याने इस्पिकचा गुलाम फेकला. भिडूची राणी, डाव्याने दश्शी घातली, आणि मला एकुलता एक एक्का द्यावा लागला. ५ गुण गेले. त्यांना अजून ६ मिळाले की मी बुडालो.

दुसरा हात: उजव्याने इस्पिकची अठ्ठी खेळली, भिडूने नव्वी टाकली, डाव्याची सत्ती. माझ्याकडे इस्पिक नाही. आता इथे बोट आपोआप "हुकूम उघडा" वर जातं, माझंही गेलं होतं. पण गुलाम आधीच पडलाय, म्हणजे नव्वी सगळ्यात मोठी, हात भिडूचाच आहे. मी चौकटची सत्ती टाकून गप्प बसलो. २ गुण आमचे.

तिसरा: भिडूने चौकटचा गुलाम काढला, डाव्याची राणी, माझी अठ्ठी, उजव्याचा राजा. ३ गुण, एकूण ५. आणि माझी चौकट संपली.

चौथा: भिडूने चौकटची दश्शी का खेळली देव जाणे, नव्वी आणि एक्का दोन्ही बाहेर होते. डाव्याने नव्वी टाकली. आता मात्र मी हुकूम उघडला आणि बदामाच्या सत्तीने मारलं, उजव्याला एक्का द्यावाच लागला. ४ गुण, आमचे ९. सगळ्यात फालतू हुकमावर चार गुण, याला म्हणतात वेळेवर उघडणं.

पाचवा: बदामाचा गुलाम. उजव्याचा एक्का पडला, भिडूची अठ्ठी, डाव्याची दश्शी. ५ गुण, आमचे १४, आणि समोरच्यांकडचे हुकूम संपले. सहावा: किलवरचा गुलाम, उजव्याची राणी, भिडूने शहाण्यासारखी दश्शी घातली, डाव्याची अठ्ठी. ४ गुण, झाले १८, बोली बसली. पुढचे दोन्ही हात हुकमाच्या नव्वी-राणीचे, एकूण २३.

डाव संपल्यावर ॲप सगळ्यांची पानं उघडी दाखवतं, ती वहीत उतरवून मी दुसऱ्या हाताला उघडलं असतं तर काय झालं असतं ते मांडून बघितलं. सत्तीने भिडूचीच नव्वी मारली, मग बदामाचा गुलाम, किलवरचा गुलाम, चौकट भिडूच्या गुलामावर सोडली, इथपर्यंत ठीक. पण पुढे भिडू चौकटची दश्शी खेळतो तेव्हा माझ्याकडे अजून चौकटची अठ्ठी असते, द्यावीच लागते, आणि डाव्याची नव्वी ४ गुण घेऊन जाते. शेवटी आमचे १९. बोली तेव्हाही बसली असती, एका गुणाने. माझी बोली २० असती तर त्या एका बोटाने डाव घालवला असता.